नोकरी मिळाली, पण जाणार कशी?

आमच्या सेलूत कुणाला नोकरी लागली की मुबारकबाद देऊन झाल्यावर पहिला प्रश्न पगाराचा नसतो. "कुठे?" हा असतो. आणि "इथेच, गावात" असे उत्तर क्वचितच येते. परभणी, मानवत, पाथरी, जिंतूर, परतूर, जालना, नाहीतर या गावांवरून आणखी आत गेलेले एखादे खेडे. गावात काम नाही असे नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगवर हात लागतात, मोंढ्यात हमाली आहे, दुकाने आहेत, शिवणयंत्रे आहेत, नगरपालिका आणि तहसील आहे. पण पंचेचाळीस हजारांहून मोठ्या या गावातली शिकलेली मुले-मुली एवढ्या कामात मावत नाहीत. म्हणून सकाळी आम्ही निघतो. शिक्षक, नर्स, बँकेतले कारकून, जालन्याच्या कारखान्यांत जाणारी तरुण मुले, परभणीच्या कोर्टात आणि दवाखान्यांत काम करणारे. उलट बाजूने परभणीहून येणाऱ्या गाडीतून आमच्याच गावच्या कचेऱ्यांत काम करणारे लोक उतरतात. याला आम्ही सगळे अपडाऊन म्हणतो.

आम्ही म्हणजे उर्दू आणि मराठी शाळांत शिकवणाऱ्या काही बायका. वर्षानुवर्षे एकाच गाडीने जातो, महिलांच्या डब्यात एकमेकींसाठी जागा धरतो. या लेखाचे कारण मात्र आमचा प्रवास नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या मोहल्ल्यातल्या अनेक मुली डीएड, बीएड, नर्सिंग, फार्मसी करून बसल्या आहेत. त्यांच्या घरी हल्ली "मुलीने नोकरी करावी का?" यावर फारसा वाद होत नाही. नोकरी गावाबाहेरची असली, की ती करायची कशी, यावर गाडी अडते.

सेलूला रेल्वे आहे, हे आमचे भाग्य. हैदराबाद ते मनमाड हा निजामाच्या काळातला मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर झाला आणि त्यातला आमच्याकडचा भाग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. आता हा भाग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो. एकीकडे मानवत रोड आणि परभणी, दुसरीकडे परतूर आणि जालना. परभणी साधारण पंचेचाळीस किलोमीटर, जालना साधारण सत्तर. महिन्याचा पास काढला तर रोजच्या तिकिटापेक्षा खूप स्वस्त पडते. लहान पगाराची नोकरी आमच्या गावाला परवडते ती या पासामुळे.

पण अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, तासांत मोजावे लागते. परभणी ते छत्रपती संभाजीनगर हा मार्ग अजून एकेरी आहे. समोरून गाडी येणार असली की आमची गाडी ढेंगळी पिंपळगावला किंवा मानवत रोडला क्रॉसिंगसाठी उभी राहते. कधी दहा मिनिटे, कधी चाळीस. ३१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली, तेव्हा आमच्या डब्यात पेढे वाटले गेले. दुसरा रूळ पडेपर्यंत मात्र क्रॉसिंग आहेच. शिवाय स्टेशन म्हणजे नोकरीचे ठिकाण नव्हे. परभणीला उतरून पुढे शेअर रिक्षा किंवा एसटी, आणि फाट्यावर उतरून पायी.

आमच्यातल्या एकीचा हिशोब सांगतो. घर सोडायचे साडेसातला, परत घरात पाऊल संध्याकाळी सातला. शाळा सात तासांची, म्हणजे वाटेवर साडेचार तास. वर्षाला कामाचे दोनशे वीस दिवस धरले तर नऊशे नव्वद तास. सरळ दिवसरात्र मोजले तर एकेचाळीस दिवस. वर्षातला एक महिना आणि वर दहा-अकरा दिवस आपण रस्त्यात राहतो, आणि तो वेळ कुठल्याही पगारपत्रकात दिसत नाही.

सरकारलाही हे कळत नाही असे नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मजुराला त्याच्या गावापासून पाच किलोमीटरच्या आत काम द्यावे आणि त्यापलीकडे दिले तर दहा टक्के जास्त मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. अंतर हा कामाचाच भाग आहे, हे मजुरीच्या बाबतीत कायद्याने मान्य केले. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योगाबाहेर काम करणाऱ्यांना विचारले गेले, की कामाचे ठिकाण घरापासून किती लांब आहे आणि तुम्ही कशाने जाता. देशभर जाणाऱ्यांत सर्वांत जास्त लोक पायी जाणारे निघाले. ज्यांना कुठेच जावे लागत नाही, म्हणजे जे घरीच काम करतात, त्यांत बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त निघाले.

आपल्या समाजापुरते पाहायचे तर नोव्हेंबर २००६ चा सच्चर समितीचा अहवाल पुन्हा उघडावा. घराच्या चार भिंतींत राहून काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण एकूण काम करणाऱ्या स्त्रियांत ५१ टक्के होते. मुस्लिम काम करणाऱ्या स्त्रियांत ते ७० टक्के. हा आकडा वाचून कुणी म्हणेल, आपल्या बायका काम करत नाहीत. अहवाल तसे म्हणत नाही. त्या काम करतातच. विडी वळतात, जरी भरतात, गोधड्या आणि कपडे शिवतात, पापड लाटतात. पण काम त्यांच्यापर्यंत दलालाच्या हातून येते आणि भाव तोच ठरवतो. जी बाई कामापर्यंत जाऊ शकत नाही, तिला घरी आलेल्या कामाचा मिळेल तो दर घ्यावा लागतो. घर आणि काम यांच्यातल्या वाटेची किंमत ती अशी आयुष्यभर भरत राहते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका मुलीला परभणीपुढच्या एका गावी उर्दू शाळेत नोकरी मिळाली. वडील शिवणकाम करतात. तिच्यामागे दोन लहान भाऊ शिकणारे. नेमणुकीचा कागद हातात आला त्या दिवशी घरात आनंद होता. दुसऱ्या दिवसापासून आनंदाची जागा काळजीने घेतली. दादी म्हणाल्या, "नौकरी मिली सो अच्छा हुआ, मगर जाएगी कैसी?" मामू म्हणाले, रोज पंचेचाळीस किलोमीटर एकटी मुलगी, महरम नाही, हे शरीअतला धरून आहे का? शेजारच्या खाला म्हणाल्या, अशाने स्थळे येत नाहीत. रुजू होण्याची मुदत चालली होती. वडील आमच्याकडे आले आणि म्हणाले, "बाजी, तुम्ही रोज जाता. तुम्हीच सांगा, पोरीला पाठवू का नको?"

त्यांनी "पाठवू का" विचारले होते. आम्ही म्हणालो, ते तुम्ही आणि ती ठरवा. कसे पाठवायचे ते आम्ही सांगू शकतो. पण त्याआधी मामूंच्या प्रश्नाला नीट उत्तर हवे होते. तो प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि त्याला "जमाना बदलला" असे म्हणून उडवून लावणेही बरोबर नाही. ज्या घरात दीन आहे तिथे हा प्रश्न येणारच. मुलीचे वडील मशिदीच्या मौलानांकडे गेले आणि विचारून आले.

मौलानांनी जे सांगितले ते आपल्या वाचकांपैकी अनेकांना उपयोगी पडेल. हनफी फिक्हमध्ये शरीअतच्या अर्थाने 'सफर' सुरू होतो तो गावाच्या हद्दीपासून साधारण ४८ मैल, म्हणजे ७७ किलोमीटरच्या आसपासच्या अंतराचा इरादा असेल तेव्हा. त्याहून कमी अंतरावर रोज जाऊन-येऊन करणारा माणूस मुसाफिर ठरत नाही. म्हणून आम्ही परभणीला जातो तेव्हा नमाज कसर करत नाही, पूर्ण पढतो. महरमशिवाय प्रवासाची जी मनाई आहे, तीही मुळात याच सफरच्या अंतराशी जोडलेली आहे. त्याच्या आतल्या अंतरावर खरी गरज असेल, पर्दा राखला जात असेल आणि वाट सुरक्षित असेल तर जाण्याला मुभा आहे. वाट असुरक्षित असेल तर अंतर कमी असूनही सावधगिरी हवी. मौलानांनी शेवटी विचारले, "वाट सुरक्षित करायला तुम्ही काय केले आहे?"

हा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. सूरह कससमध्ये हजरत मूसा (अलै.) मदयनला पोहोचल्याचा प्रसंग आहे. पाण्याच्या जागी गुराख्यांची गर्दी, आणि दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला उभ्या. मूसांनी कारण विचारले. त्यांनी सांगितले की हे गुराखी हटल्याशिवाय आम्ही पाणी पाजू शकत नाही, आणि आमचे वडील फार वृद्ध आहेत. म्हणजे घराला गरज होती, काम बाहेरचे होते, मुली हयेने वागत होत्या, आणि अडचण गर्दीची होती. मूसांनी त्यांना घरी बसण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी जनावरांना पाणी पाजून दिले आणि सावलीत जाऊन बसले. आपल्या घरांतल्या बाप-भावांनी या प्रसंगाचा जरूर विचार करावा. मुलीला बाजूला उभे राहावे लागत असेल तर गर्दीतून तिची वाट मोकळी करण्याचे काम कुणाचे?

त्या मुलीच्या घरी मग वाटेचा एकेक तुकडा घेऊन विचार झाला. घर ते स्टेशन हा पहिला तुकडा. सकाळी उजेड असतो, ती पायी जाईल. हिवाळ्यात संध्याकाळी अंधार पडतो, तेव्हा धाकटा भाऊ सायकल घेऊन स्टेशनवर येईल, आणि गाडी लेट असली तरी थांबेल. दुसरा तुकडा गाडीचा. तिथे आम्ही आहोत, महिलांचा डबा आहे, जागा धरली जाईल. तिसरा तुकडा परभणी ते तिची शाळा. आम्ही त्याच शाळेच्या वाटेवरच्या दोन मराठी शिक्षिकांशी बोललो. त्या एका ठरावीक रिक्षाने जात होत्या. चौथी जागा रिकामी होती. महिन्याचे पैसे ठरले, रिक्षावाल्याचा नंबर वडिलांनी आपल्या मोबाइलमध्ये घेतला. आजारपण, रेल्वे बंद, पाऊस अशा दिवशी परभणीत फुफूच्या घरी मुक्काम. एवढे ठरायला दोन संध्याकाळी लागल्या. दादींनी दुसऱ्या संध्याकाळी विचारले, "और डब्बे में क्या देना?" तेव्हा आम्हाला कळले की ती जाणार.

पाचवा तुकडा मात्र आम्ही सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात आला नसता. तो घरातला आहे. जी मुलगी सातला घरी येते, ती आल्यावर चुलीपुढे उभी राहणार असेल तर ही नोकरी वर्षभरात सुटते. अशा किती नोकऱ्या सुटलेल्या आम्ही पाहिल्या. कारण विचारले की "झेपले नाही" एवढेच सांगितले जाते. खरे तर नोकरी झेपत होती, तिच्यावर चढवलेला घरचा बोजा झेपत नव्हता. हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे की प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हात लावत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ही सुन्नत आपण मिंबरवरून ऐकतो, पण घरी पाळताना भांडी आठवत नाहीत. त्या घरात आता संध्याकाळचे पीठ मळण्याचे काम धाकट्या भावाकडे आहे. भाकरी त्याला अजून गोल येत नाही, पण तो करतो.

मुलांच्या बाबतीत असा विचार कुणीच करत नाही, हेही इथे सांगायला हवे. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत, दुकानांत, गोदामांत आपली कितीतरी मुले रोज जातात. पहाटे निघतात, रात्री येतात. ती मर्द आहेत म्हणून वाटेचा प्रश्न कुणी विचारत नाही. पण त्यांची लहान मुले त्यांना जागेपणी आठवड्यातून एकदाच पाहतात. हदीसमध्ये प्रवासाला यातनेचा भाग म्हटले आहे, कारण त्यात खाणे, पिणे, झोप यांची आबाळ होते, आणि काम उरकले की लवकर घरच्यांकडे परतावे असे सांगितले आहे. म्हणून अशा घरांनी तरी रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र करण्याचा नेम ठेवावा. बाप आल्यावर मुलांच्या हातातला आणि बापाच्याही हातातला मोबाइल अर्धा तास बाजूला ठेवावा. वाटेने चार तास घेतले, उरलेल्या वेळातला अर्धा तास तरी घराचा असावा.

आमच्या शिक्षकांच्या अपडाऊनवर बाहेर टीकाही होते. शिक्षकांनी शाळेच्या गावीच राहावे असा नियम आहे. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात यावर विधानसभेत चर्चा झाली आणि घरभाडे भत्त्यावरून गावोगावी वाद पेटला. पालकांचे म्हणणे रास्त आहे, की शिक्षक वेळेवर हवा. गाडी लेट झाली तर आमच्या वर्गातली मुले अंगणात बसून राहतात, त्याची भरपाई शनिवारी किंवा मधल्या सुट्टीत करायलाच हवी, आणि आम्ही करतो. पण त्या खेड्यात भाड्याने घर मिळत नाही, आमच्या मुलांना पुढची उर्दू शाळा नाही, सासू-सासऱ्यांचा दवाखाना नाही. पती एका गावी नोकरीला आणि पत्नी दुसऱ्या, अशी घरे तर कुठेतरी मध्येच राहणार. सेलू ही अशा कित्येक घरांची मधली जागा आहे.

ही वाट किती नाजूक आहे ते २०२० मध्ये दिसले. मार्चमध्ये रेल्वे थांबली. पुढे गाड्या सुरू झाल्या तरी पास बराच काळ बंद राहिले. मग २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप झाला, तो पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. शाळा उघडल्या होत्या आणि जायला साधन नव्हते. आम्ही काहीजणींनी मिळून जीप लावली. आमच्यातली एक विनाअनुदानित शाळेत होती. जीपचा तिचा वाटा आणि तिचा पगार यांत फार अंतर उरले नाही. तिने नोकरी सोडली, ती परत मिळाली नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले. ही सवलत तिला दीड वर्ष आधी मिळायला हवी होती, आणि तेव्हा रस्त्यावर एसटीही असायला हवी होती.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की वाट हा एकट्या जाणाऱ्याचा प्रश्न समजू नये. काही गोष्टी सरकारकडून आणि रेल्वेकडून मागायच्या आहेत: स्टेशनवर पुरेसे दिवे, बायकांसाठी स्वच्छ आणि उघडे असलेले स्वच्छतागृह, शाळा-कचेरीच्या वेळेला जुळणारी एसटी. अशा मागणीच्या अर्जावर आपल्या मोहल्ल्यातल्या सह्या कमी असतात. त्या वाढायला हव्यात, आणि त्या अर्जावर सर्व समाजाच्या लोकांच्या सह्या एकत्र असाव्यात, कारण गाडी सगळ्यांची एकच आहे. रमजानमध्ये संध्याकाळची गाडी लेट झाली की खजुराची पुडी आमच्याकडून निघते आणि पाण्याची बाटली शेजारच्या बाकावरच्या देशपांडेबाई किंवा कांबळेबाई पुढे करतात. हीच सोबत अर्ज देतानाही हवी.

काही गोष्टी मोहल्ल्याने करायच्या आहेत. कोणत्या गाडीने कोण कुठे जाते, हे जुम्याच्या दिवशी बसून एका वहीत लिहिले तरी नव्या मुलीला पहिल्या दिवसापासून सोबत मिळेल. आमच्या डब्यात अशी वही आहे. तिच्यात बावीस नावे आहेत, त्यांत उर्दू शाळांच्या नऊ. मुलगी नवीन असेल तर पहिला आठवडा कुणीतरी तिला तिच्या शाळेच्या दारापर्यंत सोडून येते.

आणि काही गोष्टी घरानेच ठरवायच्या आहेत. सूरह जुमुआमध्ये नमाज झाल्यावर जमिनीवर पांगून अल्लाहचा फजल शोधण्यास सांगितले आहे. शोधायला निघणाऱ्यामागे घर उभे नसेल तर शोध अर्धाच राहतो. शिकलेल्या मुलीचे लग्न ठरवताना आपल्याकडे विचारतात, "नोकरी करू द्याल ना?" समोरचे लगेच "हो, का नाही" म्हणतात. हे "हो" फुकटचे असते. त्याऐवजी आईवडिलांनी विचारावे, की हिवाळ्यात संध्याकाळी स्टेशनवर घ्यायला कोण येईल, आणि ती यायच्या आधी घरात तवा कोण ठेवील? याचे उत्तर देणारे घर सापडले तर बाकीची चौकशी थोडी कमी केली तरी चालेल.

ती मुलगी आता दुसरे वर्ष जाते आहे. तिचे स्थळ पाहणे सुरू आहे. परवा आलेल्या मंडळींना हे दोन्ही प्रश्न दादींनीच विचारले.